बोलवता धनी

मंडळी, 'पीआर' हा शब्द आता आपल्या मराठीत इतका रुळलाय की त्याचं भाषांतर करायची गरजच वाटत नाही. 'त्याचा पीआर जबरदस्त आहे' असं आपण एखाद्या नटाबद्दल, पुढाऱ्याबद्दल, अगदी मंडळातल्या उत्साही कार्यकर्त्याबद्दलही सहज म्हणतो. त्यात थोडं कौतुक असतं, थोडा टोमणा असतो. 'जनसंपर्क' हा खरा मराठी शब्द, पण तो ऐकला की डोळ्यांसमोर सरकारी कचेरीच्या दारावरची पाटी येते.

मी पेशाने संगणक अभियंता, आयटी कन्सल्टंट. या विषयाशी माझं नातं एवढंच की मीसुद्धा क्लायंटच्या पैशावर, क्लायंटच्या वतीने चारचौघांत बोलतो. क्लायंटला जे सांगायला आवडतं आणि जे खरं असतं, त्यांत कधी कधी अंतर पडतं. मग आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं? हा प्रश्न ज्या व्यवसायाला रोज सकाळी पडतो, त्याचा इतिहास मी कुतूहल म्हणून वाचायला घेतला. आणि लक्षात आलं की त्यातला बराचसा इतिहास आपण राहतो त्या याच देशात, अमेरिकेत घडलाय.

आधी एक फरक स्पष्ट करतो. आपल्या दिवाळी अंकांत घरांचे एजंट, मिठाईवाले, विमावाले यांच्या जाहिराती असतात. त्या वाचताना कोणी फसत नाही, कारण पैसे कोणी दिले ते पानावरच छापलेलं असतं. जनसंपर्काचं तसं नाही. तिथे मजकूर बातमी म्हणून येतो, तज्ज्ञाचं मत म्हणून येतो, कधी आंदोलन म्हणून तर कधी एखाद्या मुलीचे अश्रू म्हणून येतो. बोलणारा एक आणि बोलवता धनी दुसराच. तुकोबांच्या अभंगातला बोलवता धनी म्हणजे साक्षात पांडुरंग. रोजच्या मराठीत मात्र हा शब्द आपण पडद्यामागच्या माणसासाठी वापरतो, आणि या व्यवसायाच्या नीतीचा सगळा इतिहास त्या पडद्याभोवतीच फिरतो.

१९०६ चा कागद

आयव्ही ली हा जॉर्जिया राज्यातल्या एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १८७७ चा. प्रिन्स्टनमध्ये शिकला, न्यूयॉर्कमध्ये वार्ताहर झाला आणि नंतर ती नोकरी सोडून कंपन्यांची बाजू वर्तमानपत्रांपर्यंत पोचवायचं काम करू लागला. १९०६ मध्ये कोळसा खाणींच्या मालकांनी त्याला नेमलं. हे मालक पत्रकारांशी बोलतच नसत, आणि त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

लीने संपादकांना एक छोटंसं निवेदन पाठवलं. त्याचा सारांश असा: आमचं काम उघड चालतं. आम्ही देतो ती माहिती अचूक असेल. ती तपासून पाहायला आम्ही संपादकांना मदत करू. आणि मजकूर कोणाच्या वतीने पाठवला आहे हे विचारलंत तर पूर्णपणे सांगू.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची एक गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि ५३ माणसं दगावली. अपघात झाला की तोंड बंद ठेवायचं ही तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत. इथे मात्र कंपनीनेच पत्रकारांना लेखी माहिती दिली. जगातलं पहिलं 'प्रेस रिलीज' म्हणून त्याच कागदाचा दाखला देतात.

म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी या व्यवसायाच्या जवळजवळ पहिल्याच माणसाने दोन कसोट्या लिहून ठेवल्या होत्या: जे सांगतो ते खरं आहे का, आणि ते कोणाच्या वतीने सांगतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का. एक छोटी पळवाट मात्र राहिली. धन्याचं नाव सांगायचं, पण 'विचारलंत तर'.

लडलोचे तंबू

ही कसोटी लीने स्वतःच आठ वर्षांत मोडली. कोलोरॅडोमध्ये १९१३ च्या सप्टेंबरात कोळसा खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला. तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीवर रॉकफेलर घराण्याचं नियंत्रण होतं. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेली कुटुंबं लडलो इथे तंबूंत राहत होती. २० एप्रिल १९१४ ला राज्याच्या नॅशनल गार्डने आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्या वस्तीवर गोळीबार केला आणि तंबू पेटवले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या २ बायका आणि ११ मुलं गुदमरून मेली.

देशभर संताप उसळला. धाकट्या रॉकफेलरने आयव्ही लीला बोलावलं. लीने पत्रकांची एक मालिका काढली आणि ती अधिकारी, संपादक, शिक्षक, धर्मोपदेशक अशा प्रतिष्ठित लोकांना पाठवली. पत्रकांवर नाव खाणमालकांच्या समितीचं, लीचं कुठेच नाही. आतल्या मजकुरात चुका होत्या, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. एका युनियन नेत्याला वर्षभरात मिळालेले पैसे केवळ नऊ आठवड्यांत मिळाल्याचं दाखवलं होतं. मदर जोन्स या ऐंशीच्या आसपास पोचलेल्या कामगार नेत्या बाईंच्या चारित्र्यावर चिखलफेक होती.

पुढे सरकारी आयोगासमोर लीची साक्ष झाली. हे आकडे तू तपासलेस का, असं त्याला विचारण्यात आलं. उत्तराचा मथितार्थ असा की माहिती मालकांकडून आली होती, तपासणं हे आपलं काम मानलं नव्हतं. कवी कार्ल सँडबर्गने त्याला 'पगारी खोटारडा' म्हटलं आणि कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरने त्याच्या नावावरूनच 'पॉयझन आयव्ही' हे टोपणनाव चिकटवलं. ते त्याला जन्मभर पुरलं.

मला इथे ली खलनायक वाटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण जास्त बोचतं. कोणी त्याला 'खोटं लिही' असं सांगितल्याची नोंद नाही. क्लायंटने कागद दिला, त्याने तो नीटनेटका करून पुढे पाठवला. आपल्यापैकी किती जण ऑफिसात हेच करतात! क्लायंटकडून आलेला आकडा स्लाइडवर चढतो, आणि खाली सही आपली असते.

लीची अखेरही चटका लावणारी आहे. १९३४ मध्ये तो पुन्हा चौकशी समितीपुढे उभा राहिला, कारण आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीचा तो सल्लागार होता आणि जर्मनीत तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ली वारला. त्या समितीच्या कामातून पुढे १९३८ चा कायदा आला: परदेशी धन्यासाठी अमेरिकेत प्रचार करणाऱ्याने सरकारदरबारी आपली आणि धन्याची नोंद केली पाहिजे. लीच्या १९०६ च्या कागदातली 'विचारलंत तर' ही पळवाट निदान परदेशी क्लायंटपुरती तरी कायद्याने बंद केली.

स्वातंत्र्याच्या मशाली

या व्यवसायाचा दुसरा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो एडवर्ड बर्नेज. सिग्मंड फ्रॉइडचा सख्खा भाचा. जन्म व्हिएन्नाचा, १८९१ मधला, आणि आयुष्य लाभलं १०३ वर्षांचं. लोकांच्या मनात काय दडलंय ते ओळखून त्याचा वापर करायचा, ही त्याची खासियत.

१९२९ साली अमेरिकन टोबॅको कंपनीला बायकांनी सिगारेट ओढायला हवी होती. तेव्हा घराबाहेर, रस्त्यावर सिगारेट ओढणारी बाई म्हणजे चवचाल, असा समज. बर्नेजने एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला आणि त्यातून शब्द निघाला 'स्वातंत्र्याच्या मशाली'. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर नटूनथटून फिरणाऱ्या गर्दीत काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. छायाचित्रकार हजर होतेच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी झळकली ती स्त्रियांच्या बंडाची. त्या तरुणींना निमंत्रण गेलं होतं ते बर्नेजच्या सेक्रेटरीच्या नावाने. तंबाखू कंपनीचा त्यात उल्लेख नव्हता.

त्या एका दिवसामुळे अमेरिकेतल्या बायका सिगारेट ओढू लागल्या असं काही नाही. तो दावा बराचसा बर्नेजचा स्वतःचा आहे, आणि स्वतःचा पीआर करण्यात हा गृहस्थ कधी कमी पडला नाही. पण नीतीच्या दृष्टीने परिणामापेक्षा पद्धत महत्त्वाची. बायकांना मताचा हक्क मिळून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. समतेची ती खरी तळमळ एका कंपनीने भाड्याने वापरली आणि भाड्याची पावती कोणाला दाखवली नाही. तंबाखूचे दुष्परिणाम सिद्ध झाल्यावर बर्नेजने म्हातारपणी सिगारेटविरुद्ध काम केलं आणि जनसंपर्काच्या व्यवसायाला डॉक्टर-वकिलांसारखा परवाना असावा म्हणून धडपडला. परवाना आजतागायत आलेला नाही.

'मोकळं' निवेदन

१९५३ पर्यंत तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास एकामागून एक येऊ लागले होते. डिसेंबरात बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले आणि त्यांनी जॉन हिल यांच्या हिल अँड नोल्टन या फर्मला बोलावलं. शास्त्रज्ञांवर तुटून पडू नका, उलट स्वतःच संशोधन समिती काढा, असा सल्ला मिळाला.

४ जानेवारी १९५४ ला चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत सिगारेट ओढणाऱ्यांना उद्देशून एक निवेदन छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच 'फ्रँक', म्हणजे मोकळेपणाचं, असा शब्द होता. लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, आम्ही संशोधनाला मदत करू, असा त्याचा सूर. त्या समितीचं कामकाज सुरुवातीला हिल अँड नोल्टनचीच माणसं चालवत होती.

इथे एक बारकावा आहे बरं का. या निवेदनाखाली कंपन्यांची नावं स्पष्ट छापलेली होती. म्हणजे बोलवता धनी लपलेला नव्हता. लपवलेला होता तो हेतू. संशोधनाच्या नावाखाली शंका पेरायची: 'अजून काही सिद्ध झालेलं नाही', 'आणखी अभ्यास हवा'. २००६ मध्ये फेडरल न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला की या कंपन्यांनी दशकानुदशकं जनतेला फसवलं. अपिलांचा घोळ संपून कंपन्यांना वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर दुरुस्तीची निवेदनं द्यावी लागली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. जानेवारी १९५४ च्या निवेदनाला खरं उत्तर छापून यायला ६३ वर्षं लागली. तोवर किती घरांतली माणसं गेली!

सायनाइड आणि एक खरं उत्तर

सगळंच काळं आहे असं मात्र नाही. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागोच्या परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूल घेतलेली ७ माणसं मेली. कोणीतरी बाटल्या उघडून आत सायनाइड भरलं होतं. बनवणारी कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनच्या गटातली. अध्यक्ष जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च अंदाजे १० कोटी डॉलर. सीलबंद वेष्टन घालून औषध पुन्हा बाजारात आलं आणि गमावलेलं बहुतेक गिऱ्हाईक वर्षभरात परतलं. बिझनेस स्कूलमध्ये हे उदाहरण हमखास शिकवतात.

मला त्यातला एक लहान प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. तुमच्या कारखान्यात सायनाइड असतं का, असं पत्रकारांनी विचारलं. कंपनीने आधी 'नाही' सांगितलं. मग कळलं की कारखान्याच्या चाचणी प्रयोगशाळेत थोडं वापरतात. विषबाधेशी त्याचा संबंध नव्हता. गप्प बसणं सोपं होतं, कदाचित कोणाला कळलंही नसतं. कंपनीने स्वतःहून आधीचं उत्तर दुरुस्त केलं. विश्वास टिकला त्यात बाटल्या परत घेण्याइतकाच या दुरुस्तीचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

हा निर्णय त्यांना कसा जमला? हार्वर्डच्या राल्फ पॉटर यांनी नैतिक निर्णयासाठी सुचवलेली चार घरांची चौकट जनसंपर्काच्या अभ्यासात वापरतात: वस्तुस्थिती काय, आपली मूल्यं कोणती, तत्त्व कोणतं लागू होतं आणि आपली निष्ठा कोणाशी. आमच्या प्रोग्रॅमिंगसारखं यात 'इफ-एल्स' लिहून उत्तर बाहेर पडत नाही. पहिली तीन घरं भरता येतात, चौथ्यात माणूस अडतो. जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये हे चौथं घर १९४३ मध्येच भरून ठेवलेलं होतं. कंपनीच्या ब्रीदपत्रात क्रम लिहिला होता: आधी औषध वापरणारे रुग्ण, डॉक्टर आणि आया, मग कर्मचारी, मग समाज, आणि भागधारक सर्वांत शेवटी. आग लागल्यावर विहीर खणायची वेळ आली नाही.

पण हे पुण्य वारसाहक्काने मिळत नाही. त्याच कंपनीवर पुढे टाल्कच्या बेबी पावडरवरून हजारो खटले झाले. कंपनीने आरोप नाकारले, आणि २०२३ मध्ये ती टाल्कची पावडर जगभर बंद केली. ब्रीदपत्र तेच असतं, ते पाळायचा निर्णय मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घ्यावा लागतो.

आडनाव नसलेली मुलगी

१० ऑक्टोबर १९९०. इराकने कुवेत गिळून दोन महिने झाले होते. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटासमोर नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी रडत रडत बोलली: कुवेतच्या इस्पितळात इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधली बाळं काढून थंडगार फरशीवर टाकलेली आपण पाहिली. टीव्हीवर ते देशभर दिसलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भाषणांत ही गोष्ट वारंवार सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला संमती दिली, तेव्हा काही सदस्यांनी या बाळांचा उल्लेख केला होता.

मुलीचं फक्त पहिलं नाव सांगितलं होतं, कारण कुवेतमधल्या कुटुंबाला धोका. आपण मराठी माणसं कोणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न विचारतो, 'आडनाव काय?' या सवयीची आपण स्वतःच थट्टा करतो. त्या दिवशी तो प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. जानेवारी १९९२ मध्ये पत्रकार जॉन मॅकआर्थर यांनी उघड केलं की नायिरा ही कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी. तिला समोर आणण्यात हिल अँड नोल्टनचा हात होता. क्लायंट होती कुवेतच्या स्वातंत्र्यासाठीची एक 'नागरिक संघटना', आणि तिचा जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारचा. बाळांच्या त्या कथेला पुढच्या तपासांत आधार सापडला नाही. अॅम्नेस्टीलाही आपलं आधीचं म्हणणं मागे घ्यावं लागलं.

यातला सगळ्यात वाईट भाग असा की इराकी सैन्याने कुवेतमध्ये खरोखरच अत्याचार केले होते. खरं सांगूनही काम भागलं असतं. महाभारतात अश्वत्थाम्याची अर्धीमुर्धी बातमी सांगितल्यावर धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. बाजू न्यायाची असली तरी रथ टेकतोच.

संहिता आणि माणूस

मग या व्यवसायाला नियम नाहीत का? आहेत की! अमेरिकेतल्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेने १९५० मध्ये आचारसंहिता केली. पण १९८६ मध्ये खुद्द तिच्या अध्यक्षांवरच शेअर व्यवहारातल्या गैरप्रकाराचा आरोप आला आणि नीतिसमितीपुढे सुनावणी व्हायच्या आत त्यांनी सदस्यत्वच सोडलं. सदस्य नाही, म्हणजे कारवाई नाही. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटीने २१ एप्रिल १९६८ ला आंतरराष्ट्रीय अथेन्स संहिता स्वीकारली. म्हणून तो दिवस तिथे राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो.

संहितेला दात असले तर काय होतं, हे २०१७ मध्ये दिसलं. बेल पॉटिंजर ही लंडनची बडी फर्म. दक्षिण आफ्रिकेत तिचे क्लायंट होते सहारनपूरहून तिथे गेलेले गुप्ता बंधू, राष्ट्राध्यक्ष झुमांच्या जवळचे. गुप्तांवरचा रोख वळवण्यासाठी तिथल्या वांशिक जखमेवर बोट ठेवणारी मोहीम चालवल्याचा ठपका फर्मवर आला. ब्रिटिश व्यावसायिक संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये तिला काढून टाकलं, क्लायंट पळाले आणि काही दिवसांतच फर्म बुडाली. आपल्यासारख्या परदेशस्थ भारतीयांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावं. पैसे देणारे आपल्याच मातीतले होते, आणि जखम होती त्यांना आसरा देणाऱ्या देशाची.

इतका सगळा इतिहास चाळल्यावर माझ्यापुरतं एक ठरलंय. संहिता हव्यातच, पण निर्णय शेवटी टेबलाशी बसलेला एक माणूस घेतो, आणि त्याच्या हातात फार वेळ नसतो. त्या घटकेला उपयोगी पडतात त्या १९०६ च्या कागदावरच्या कसोट्या. हातातला कागद मी तपासलाय का? आणि 'विचारलंत तर' असं न म्हणता, धन्याचं नाव मी आपण होऊन सांगितलंय का?

आपली मुलं या देशात मोठी होताहेत. त्यांतली काही उद्या याच व्यवसायात जातील, आणि बाकीची आयुष्यभर त्याची गिऱ्हाइकं असतील. कुठला तरी 'अभ्यास', कुठली तरी 'नागरिक संघटना', कुठलं तरी डोळे पाणावणारं दृश्य रोज त्यांच्यासमोर येणार. त्यांना प्रत्येक गोष्टीवर अविश्वास ठेवायला शिकवायचं नाहीये. बातमी वाचून झाली की 'हे बोलतोय कोण, आणि बोलवतोय कोण?' एवढं विचारायची सवय मात्र जेवणाच्या टेबलावर लावता येईल. यंदाच्या दिवाळीत फराळ करता करता सुरुवात करायला हरकत नाही.